समुद्रात ‘थांबा’ कोण म्हणणार?

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसानं मुंबई बुडाली होती आणि सगळ्यांचं लक्ष कुर्ला, कलिना, मिठीच्या काठाकडे लागलं होतं. त्या वेळी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, मुंबई हाय तेलक्षेत्रात, ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. हवा खराब होती, हेलिकॉप्टर उडत नव्हती. तेव्हा जहाज शेजारच्या ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ या प्लॅटफॉर्मजवळ न्यायचं आणि क्रेनला लटकवलेल्या पाळण्यातून जखमी माणसाला वर घ्यायचं, असं ठरलं. प्लॅटफॉर्मची आडोशाकडची क्रेन वापरण्याजोगी नव्हती, म्हणून जहाज वारा अंगावर येणाऱ्या बाजूनं आणावं लागलं. जहाजाच्या यंत्रणेत अडचण होती, म्हणून ते हातानं चालवत मागच्या बाजूनं जवळ घेतलं गेलं.

लाटेनं जहाज उचललं आणि त्याचं हेलिडेक, म्हणजे हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच, रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत तेल आणि वायू नेणारे उभे पाइप. वायू सुटला, पेटला, शेजारचे रायझर त्या आगीत फुटत गेले आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या. प्लॅटफॉर्म, त्याला लागून असलेली विहिरी खोदणारी रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी ३६२ जणांना वाचवलं. २२ जण गेले.

त्या जहाजावर आणखी सहा माणसं होती, ज्यांची आठवण फार कमी निघते. ते पाणबुडे होते आणि दाबाखालच्या बंद कक्षात राहत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांचं शरीर त्या दाबाला सरावलेलं असतं. त्यांना एकदम बाहेर काढलं तर रक्तात बुडबुडे होऊन जीव जातो. दाब हळूहळू उतरवायला दिवस लागतात. जहाज पेटलं, इतरांनी ते सोडलं, आणि हे सहा जण आत राहिले. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. ते जगले ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिच्यातून नियमांविषयी काहीच सिद्ध होत नाही. अशा माणसांना कक्षासकट कसं हलवायचं, याची तयारी जहाज कामावर जाण्याआधीच व्हायला हवी.

या साखळीत दुष्ट हेतूचा माणूस कुठेही सापडत नाही. जखमी सहकाऱ्याला लवकर उपचार मिळावेत, हाच प्रत्येकाचा हेतू होता. म्हणून मला प्रश्न पडतो तो माणसांच्या हेतूचा नाही, अधिकाराचा आहे. ‘या वाऱ्यात नको, जखम बांधून ठेवा, हवा उतरू दे’ हे बोलण्याचा हक्क त्या दिवशी कोणाकडे होता? आणि ते बोलल्यामुळे ज्याचं काही बिघडणार नव्हतं, असा कोणी तिथे होता का? समुद्रावरच्या कामगारांच्या सुरक्षेचा सगळा प्रश्न मला शेवटी इथेच येऊन ठेपताना दिसतो. काम थांबवण्याचा अधिकार अशा हाती असला पाहिजे, ज्याचं काम थांबल्यानं नुकसान होत नाही. आपल्याकडे नेमकं उलट आहे, वरपासून खालपर्यंत.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फाची हकीकत या संदर्भात वारंवार सांगितली जाते, पण बहुधा आगीपुरतीच. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या या प्लॅटफॉर्मवर २२६ माणसं होती. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि पाइपाच्या तोंडावर तात्पुरतं झाकण बसवलं होतं. हा निरोप रात्रपाळीपर्यंत पोचला नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीनं हा पहिला पंप चालू केला. वायू गळला आणि स्फोट झाला. हेलिकॉप्टर येईल या आशेनं माणसं राहण्याच्या भागात जमली. हेलिकॉप्टर उतरणं शक्यच नव्हतं, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव धुरानं गेला. वाचले त्यांतले अनेक जण कोणाची सूचना न पाहता समुद्रात उडी मारणारे होते. बचावाला गेलेल्या दोघांसह १६७ जण मरण पावले.

या हकिकतीतला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग पायपर अल्फाच्या बाहेर घडला. टार्टन आणि क्लेमोर हे शेजारचे दोन प्लॅटफॉर्म पाइपांनी पायपरला जोडलेले होते. पायपर जळताना क्षितिजावर दिसत होता, आणि तरीही त्या दोन ठिकाणांहून तेल आणि वायू आगीच्या दिशेनं ढकलला जात राहिला. क्लेमोरवरून हे सुमारे तासभर चाललं. तिथले प्रमुख निर्दय नव्हते. किनाऱ्यावरच्या कचेरीची परवानगी नसताना उत्पादन बंद करायचं म्हणजे किती मोठी गोष्ट, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की डोळ्यांसमोरची आगही ते ओझं हलवू शकली नाही. सुरक्षेचे नियम कागदावर कितीही नेमके असोत, उत्पादन थांबवणं हा गुन्हा वाटण्याची सवय ज्या उद्योगात मुरली आहे, तिथे ते आयत्या वेळी हाताशी येत नाहीत.

पायपर अल्फाबद्दलच्या न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीची सुनावणी उघडपणे झाली. नोव्हेंबर १९९० मध्ये अहवाल आला, त्यात १०६ शिफारशी होत्या आणि ब्रिटिश सरकारनं त्या सगळ्या स्वीकारल्या. त्यांतल्या दोन मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की समुद्रातल्या सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे द्यावी. तेल जास्त निघावं ही ज्या खात्याची जबाबदारी, त्याच्याच निरीक्षकानं तेल काढणं थांबवावं अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे, एवढा साधा विचार त्यामागे होता. दुसरी म्हणजे प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या चालकानं ‘सेफ्टी केस’ लिहून मंजूर करून घ्यावी. माझ्या या जागेवर कोणकोणते मोठे धोके आहेत, ते कसे आवरलेले आहेत आणि तरीही अपघात झाला तर माणसं जिवंत बाहेर कशी पडतील, हे चालकानं पुराव्यानिशी दाखवायचं. ते पटेपर्यंत काम सुरू करता येत नाही. नियमांच्या यादीवर खुणा करत जाण्यापेक्षा हे फार अवघड आहे, कारण इथे ‘नियम पाळला होता’ म्हणून सुटका होत नाही.

अमेरिकेला हाच धडा २०१० मध्ये मिळाला. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या रिगवर ११ कामगार मेले, तेव्हा समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी वसूल करणारी आणि त्याच समुद्रात सुरक्षा तपासणारी संस्था एकच होती. ती तोडून महसूल, परवाने आणि सुरक्षा ही कामं वेगळी केली गेली. नॉर्वेनं २००४ मध्ये पेट्रोलियम संचालनालयातून सुरक्षा यंत्रणा बाहेर काढली. युरोपीय संघानं २०१३ च्या निर्देशात ही फारकत सदस्य देशांसाठी बंधनकारक केली. इतक्या निरनिराळ्या राजकारणांचे देश एकाच निष्कर्षावर आले, याला काही अर्थ आहे.

आपल्याकडे काय आहे? अंकलेश्वरला जमिनीवरच्या विहिरीवर काम करणारा ड्रिलर खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या देखरेखीखाली येतो, आणि ते कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तोच माणूस जुहूहून हेलिकॉप्टरनं मुंबई हायला गेला की त्याच्या सुरक्षेची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे, म्हणजे ओआयएसडीकडे जाते. ओआयएसडी पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. मुंबई हायमधून तेल काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसीही याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. उत्पादन का घटलं याचा जाब ओएनजीसीला विचारतं तेही हेच मंत्रालय. ओआयएसडीतले तज्ज्ञ मोठ्या प्रमाणावर तेल कंपन्यांमधूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत कंपनीत जातात. त्यांच्या ज्ञानाबद्दल किंवा सचोटीबद्दल मला शंका नाही. पण उद्या ज्या साहेबांच्या हाताखाली परत जायचं आहे, त्यांचा प्लॅटफॉर्म आज बंद करा असं लिहिण्याची वेळ कोणावर आणणं, हे त्या माणसावरही अन्याय करणारं आहे.

ओआयएसडी १९८६ मध्ये, भोपाळनंतर स्थापन झालं. समुद्रातल्या कामांसाठीचे सुरक्षा नियम २००८ चे, म्हणजे बॉम्बे हाय नॉर्थ जळून गेल्यानंतर तीन वर्षांनी आलेले. हे नियम वाईट नाहीत. धोक्यांचं मूल्यमापन, चालू करण्याआधी संमती, आपत्तीची योजना, हे सगळं त्यांत आहे. मात्र ते ज्या १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली केले गेले, त्यात नियमभंगाला शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समुद्रातल्या रिगचं एका दिवसाचं भाडं लाखो रुपयांत मोजलं जातं, आणि नियम मोडल्याचा दंड २०२५ पर्यंत एक हजार होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं तो २५ लाखांपर्यंत नेला आणि कैद काढून टाकली. रक्कम वाढली हे ठीकच झालं. पण २५ लाखांचा दंड कंपनी खर्चात टाकते. कैदेची शक्यता वरच्या अधिकाऱ्याला स्वतः हिशेब करायला लावते. निदान माणसांचे जीव जातात अशा नियमभंगासाठी ती ठेवायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

आता तौक्ते चक्रीवादळ. १७ मे २०२१. त्याच मुंबई हायमध्ये ‘पी-३०५’ हा राहण्याचा बार्ज होता. बार्ज म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली सपाट तळाची नौका, टगनं ओढून न्यावी लागणारी. प्लॅटफॉर्मच्या दुरुस्तीची आणि बांधकामाची कामं करणारे वेल्डर, फिटर, रिगर, रंगारी, स्वयंपाकी अशी २६१ माणसं त्यावर राहत होती. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं आणि संध्याकाळी तो बुडाला. ‘वरप्रदा’ हा १३ माणसांचा टगही बुडाला. दोन्ही मिळून २७४ जणांपैकी १८८ वाचले, ते आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर नौकांवरच्या जवानांनी उसळत्या समुद्रातून रात्रभर एकेकाला वर ओढल्यामुळे. ८६ जण गेले. कित्येक मृतदेह नंतर रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्यांवर आले, आणि काहींची ओळख डीएनएवरूनच पटवावी लागली. अनेक तराफे फाटलेले होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

वादळ अचानक आलं नव्हतं. हवामान विभाग कित्येक दिवस आधीपासून इशारे देत होता. अरबी समुद्रात आता अशी वादळं येतात हेही नवं उरलं नव्हतं. वर्षभरापूर्वीच, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकून श्रीवर्धन, दिवेआगरच्या बागा आडव्या करून गेलं होतं. तौक्तेच्या आधी राज्य सरकारनं मच्छीमारांना परत बोलावलं. वर्सोव्यापासून हर्णै, मालवणपर्यंत नौका बंदरांत आल्या. ज्याची उपजीविका त्या आठवड्याच्या मासळीवर आहे, त्या कोळी माणसाला सरकार ‘किनाऱ्यावर ये’ असा आदेश देऊ शकतं. देशातल्या सगळ्यांत मोठ्या सरकारी तेल उत्पादक कंपनीच्या क्षेत्रात इंजिन नसलेल्या बार्जवर झोपलेल्या २६१ माणसांबद्दल असा आदेश देणारं कोणी नव्हतं. हा फरक मला अजून पचत नाही.

मग निर्णय कोणी घेतला? कंत्राटदार कंपनीनं नंतर जाहीर केलं की सगळ्या नौकांना सुरक्षित जागी जाण्याची सूचना १४ मे रोजीच दिली होती, आणि पी-३०५ च्या मास्टरनं, म्हणजे कप्तानानं, बंदराकडे न येता प्लॅटफॉर्मपासून सुमारे २०० मीटर दूर सरकून तिथेच थांबण्याचं ठरवलं. पोलिसांनी पहिला गुन्हा नोंदवला तोही त्या मास्टरवरच, आणि तो स्वतः त्या समुद्रात गेला होता. चौकशी समिती नेमली ती पेट्रोलियम मंत्रालयानं. समुद्री परंपरेत नौकेच्या मास्टरचा शब्द अंतिम असतो, ते योग्यही आहे. पण या प्रकरणात त्या परंपरेचा आधार घेणं मला पटत नाही. टगशिवाय हलू न शकणाऱ्या बार्जचा मास्टर कितीसा स्वतंत्र असतो? क्षेत्र ओएनजीसीचं, काम कंत्राटदाराचं, बार्ज तिसऱ्याच्या मालकीचा, टग चौथ्याचा, आणि त्यावरचे वेल्डर पाचव्या, सहाव्या उपकंत्राटदाराचे. या उतरंडीत शहाणपणाचा निर्णय सगळ्यांत खालच्या टोकाला असलेल्या माणसानं घ्यावा अशी अपेक्षा आहे, आणि तोच निर्णय चुकला की दोषही त्याचाच.

पैशाचा प्रश्न इथे उघडपणे मांडला पाहिजे, कारण सगळं त्यावर अडतं. बार्ज बंदरात नेऊन परत आणायचा म्हणजे टगचं भाडं, इंधन, वाया गेलेले कामाचे दिवस. पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याची मुदत डोक्यावर असते, मेच्या मध्याला तर दर दिवस मोजला जातो. हा खर्च ज्याच्या खिशातून जाणार, त्याच्याकडे निर्णय दिला तर तो हवामानाच्या अंदाजातल्या सगळ्यांत सौम्य वाऱ्यावर विश्वास ठेवणार. हे मानवी आहे आणि म्हणूनच नियमानं आधी अडवलं पाहिजे. हवामान विभागाचा ठरावीक पातळीचा इशारा आला की इंजिन नसलेली प्रत्येक राहती नौका इतक्या तासांच्या आत क्षेत्राबाहेर गेली पाहिजे, हे कंत्राटात लिहिलेलं असावं. त्यासाठीचा पूर्ण खर्च आणि वाढीव मुदत क्षेत्राच्या मालकानं आपोआप द्यावी. वादळ आलं नाही आणि खर्च वाया गेला, तरी त्याबद्दल कोणाला जाब विचारला जाऊ नये. ज्याच्या तेलासाठी माणूस समुद्रावर झोपतो, त्याच्यावर त्या माणसाची जबाबदारी. मध्ये किती कंत्राटं आहेत याच्याशी त्या माणसाला काय करायचं आहे?

राहण्याची जागा हा प्रश्न नवा नाही. २७ मार्च १९८० ला नॉर्वेच्या समुद्रात अलेक्झांडर किएलँड नावाची तरंगती रिग उलटली, तेव्हा ती तेल काढत नव्हती. शेजारच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांना राहायला म्हणून ती वापरात होती. एका जोडकामातली भेग वाढत गेली, एक पाय निखळला, आणि २१२ पैकी १२३ जण गेले. तेलविहिरीवर इतकं लक्ष असतं की माणसं जिथे झोपतात त्या जागेकडे कमी धोक्याची म्हणून पाहिलं जातं. नॉर्वेनं त्यानंतर ही नजर बदलली. आपल्याकडे बार्ज ही नौका, म्हणून ती नौवहन महासंचालनालयाची. तिच्यावरचं काम कंत्राटदाराचं. आणि प्लॅटफॉर्म ओआयएसडीचा. माणूस मात्र एकच आहे. सकाळी बार्जवरून प्लॅटफॉर्मवर आणि संध्याकाळी परत, दिवसातून दोनदा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारा.

वरच्या पातळीवर स्वतंत्र नियामक हवा तसाच खालच्या पातळीवर, प्रत्यक्ष डेकवर, काम थांबवण्याचा हक्क हवा. नॉर्वेच्या कायद्यात कामगारांचा निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी जिवाला तातडीचा धोका दिसला तर काम थांबवू शकतो, आणि त्या थांबण्यामुळे कंपनीचं जे नुकसान होईल त्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. ब्रिटननं पायपर अल्फानंतर १९८९ मध्ये समुद्रातल्या सुरक्षा प्रतिनिधींचे नियम केले, आणि त्यात प्रतिनिधी निवडण्याचा हक्क प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्यांना दिला, कंत्राटी कामगारांनाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारानं धोक्यातून बाजूला झालेल्या कामगारावर कारवाई होऊ नये असं म्हटलं, आणि २०२२ मध्ये तो करार मूलभूत करारांमध्ये धरला गेला.

आपल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, धोका दिसल्यास तो मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. कळवण्याचा, थांबण्याचा नाही. ही संहिता समुद्रावर जशीच्या तशी लागू झाली तरी निरीक्षक १६० किलोमीटर दूर असताना हा हक्क कितीसा उपयोगी पडणार? शिडी ओली आहे, हारनेस फाटलेला आहे, गॅस डिटेक्टर वाजतोय, हे कळवून उत्तर येईपर्यंत काम चालूच ठेवायचं का? कंपन्यांच्या धोरणपत्रांत ‘कोणीही काम थांबवू शकतो’ असं लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. ओएनजीसीच्या कायम कर्मचाऱ्याला ते कदाचित वापरताही येत असेल. तो १४ दिवस काम करून १४ दिवस घरी जातो, त्याच्यामागे संघटना आहे. कंत्राटी रिगर सलग कित्येक आठवडे समुद्रावर असतो, आणि त्याला पुढच्या वेळी बोलवायचं की नाही हे फोरमनच्या एका शब्दावर ठरतं. धोरणपत्रातला हक्क त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो कायद्यातच असला पाहिजे, आणि तो वापरल्यावर कामावरून काढलेल्या माणसाच्या बाबतीत कारण सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असलं पाहिजे.

आरोग्याचंही तेच. बारा तासांची पाळी, मे महिन्यात तापलेलं लोखंड, आवाज, अपुरी झोप. ताप आला किंवा छातीत दुखलं तर किनाऱ्यावर पाठवतील आणि रोज बुडेल, या भीतीनं माणूस गोळी घेऊन काम करत राहतो. किनाऱ्यावर पाठवल्यावरही त्या दिवसांची मजुरी मिळेल, एवढा एक नियम केला तरी आजार लवकर पुढे येतील आणि समुद्रातून माणूस घाईनं हलवण्याचे प्रसंग कमी होतील. २००५ च्या अपघाताची सुरुवात अशाच एका हलवण्यातून झाली होती.

याला विरोध करणारे तीन मुद्दे मला नेहमी ऐकू येतात, आणि ते फेटाळण्याजोगे पोकळ नाहीत. पहिला तांत्रिक ज्ञानाचा. तेल उद्योगाची माहिती पेट्रोलियम मंत्रालयाकडेच आहे, कामगार मंत्रालयाच्या निरीक्षकाला ब्लोआउट प्रिव्हेंटरमधलं, म्हणजे विहिरीतून उसळणारं तेल-वायू रोखणाऱ्या यंत्रातलं, काय कळणार? हे खरं आहे, म्हणूनच माणसं तीच घ्या, पण कायमची घ्या. प्रतिनियुक्ती बंद करून, कंपनीच्या तोडीचा पगार देऊन स्वतंत्र सेवा उभी करा, आणि ती संसदेला उत्तर देईल अशी व्यवस्था करा. दुसरा मुद्दा देशाच्या गरजेचा. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, अशा वेळी घरचं उत्पादन अडवायचं का? पण बॉम्बे हाय नॉर्थ एका दुपारी गेला तेव्हा देशाच्या उत्पादनाला जे भगदाड पडलं, ते कुठल्याही निरीक्षकानं पाडलं नव्हतं. १९७० आणि ८० च्या दशकांतले प्लॅटफॉर्म अजून वापरात आहेत, त्यांच्यातून जास्त तेल काढण्याचे बेत होत आहेत. जुन्या लोखंडावर जास्त काम म्हणजे जास्त वेल्डिंग, जास्त माणसं आणि जास्त बार्ज.

तिसरा मुद्दा असा की नियम आहेतच, ते पाळले जात नाहीत, मग नवे कशाला. यात सगळ्यांत जास्त तथ्य आहे. पण नियम का पाळले जात नाहीत याचं उत्तर माणसांच्या बेफिकिरीत शोधणं सोपं जातं म्हणून आपण तिथेच थांबतो. ते पाळायला लावणारा स्वतंत्र नाही, हे खरं उत्तर आहे. समुद्रावर जाण्यायेण्याच्या वाटेवरही माणसं गेली आहेत. २००३ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून २७ जण गेले, २०१८ मध्ये सात, २०२२ मध्ये चार. या अपघातांचा तपास निदान पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाती नसतो, विमान अपघातांचा तपास करणारी यंत्रणा वेगळी आहे. हवेतल्या माणसासाठी जी फारकत आपल्याला पटली, ती डेकवरच्या माणसासाठी का पटू नये?

हे आत्ताच ठरवायला हवं, कारण समुद्रावरची ऊर्जा यापुढे फक्त तेलाची राहणार नाही. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारनं समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅट उभारायचे आहेत. तेल पेटण्याचा धोका तिथे नाही, पण उंची आहे, जड वस्तू उचलणं आहे, पाणबुडे आहेत, लाटांवर डोलणाऱ्या बोटीतून खांबाच्या शिडीवर पाय टाकणं आहे. आणि राहण्यासाठी तेच बार्ज, ओढण्यासाठी तेच टग, कामाला तेच वेल्डर आणि रिगर येणार आहेत. त्या प्रकल्पांना चालना देणं हे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं काम आहे. मेगावॅट किती उभे राहिले याचा हिशेब त्यालाच द्यायचा आहे, म्हणून कामगारांच्या सुरक्षेची देखरेख त्याच मंत्रालयाकडे जाता कामा नये. पहिला खांब समुद्रात रोवण्याआधी तेल, वायू आणि वारा या तिन्हींसाठी मिळून एकच स्वतंत्र नियामक कायद्यानं उभा करावा. क्षेत्राच्या हद्दीत तरंगणारी प्रत्येक राहती नौका त्याच्या कक्षेत असावी. वादळाच्या इशाऱ्यावर ती बंदरात पाठवण्याचा आदेश थेट त्यानंच द्यावा, आणि प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल ठरल्या मुदतीत जाहीर करणं त्याच्यावर बंधनकारक असावं. पुढच्या निविदा निघण्याआधी ही मागणी महाराष्ट्र आणि गुजरातच्या खासदारांनी संसदेत मांडावी, कारण तौक्तेनंतर मृतदेह याच दोन राज्यांच्या किनाऱ्यांवर आले होते.